ध्रुवीय टार्डिग्रेड ओळखताना: मॉसच्या पाकिटापासून जातीच्या नावापर्यंत

टार्डिग्रेड म्हणजे मॉससारख्या ओल्या जागी राहणारे, आठ पायांचे सूक्ष्म प्राणी, 'पाणअस्वले'. अंटार्क्टिकात सर्वाधिक आढळणाऱ्या टार्डिग्रेडला अनेक वर्षे चुकीच्या ध्रुवाचे नाव चिकटले होते. रिक्टर्स यांनी 1904 साली त्याचे वर्णन 'अंटार्क्टिकस' म्हणून केले. 1907 साली मरे यांनी आर्क्टिकमधल्या अशाच दिसणाऱ्या प्राण्याला 'आर्क्टिकस' म्हटले. पुढे दक्षिणेकडचे नमुनेही सर्रास 'हिप्सिबियस आर्क्टिकस' या नावाने नोंदले जाऊ लागले. 1991 मध्ये डास्टिख यांनी दोन्हींची नीट फेरतपासणी केली आणि तो गुंता सुटला. आज दक्षिणेकडचा हा प्राणी अ‍ॅक्युटंकस अंटार्क्टिकस या नावाने ओळखला जातो. ध्रुवीय टार्डिग्रेडच्या कामातली सर्वात महागात पडणारी चूक या उदाहरणात दिसते: ओळख-तालिकेत नाव जुळले म्हणजे जात सापडली, असे धरून चालणे.

आधी शब्दांबद्दल. रोजच्या बोलण्यात 'प्रजाती' हा शब्द कशालाही वापरतात. इथे जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस. मॉसला 'शेवाळ' म्हटले की तळ्यातले हिरवे शेवाळही त्यात येते, म्हणून मॉसच म्हणू.

नमुना: थोडा, कोरडा, कागदात

परवानगीशिवाय काहीही उचलू नका. अंटार्क्टिकात 1991 चा माद्रिद प्रोटोकॉल (पर्यावरण-संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) लागू आहे आणि भारतीय मोहिमांना 2022 चा भारतीय अंटार्क्टिक कायदाही. मैत्री आणि भारती या केंद्रांवरचे काम गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत चालते, त्यामुळे नमुन्यांची यादी आणि वजनांचा अंदाज प्रस्तावातच द्यावा लागतो. आर्क्टिकमध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ऑलेसुंडला 2008 पासून हिमाद्री केंद्र आहे. तिथे प्रकल्पाची स्वालबार्डच्या संशोधन-नोंदणीत आधी नोंद करा.

अंगठ्याएवढा मॉसचा तुकडा पुरतो. तिथले मॉस फार सावकाश वाढते, त्यामुळे मूठभर ओरबाडणे हा गुन्हाच समजा. तुकडा तळाच्या मातीसकट घ्या, कारण बरेच प्राणी वरच्या हिरव्या टोकांपेक्षा खालच्या तपकिरी थरात असतात. तो कागदी पाकिटात ठेवून साध्या तापमानाला सावकाश वाळू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते आणि प्राणी गुदमरून फुगतात. असे ताणलेले प्राणी मोजमापाला निरुपयोगी. दगडफूलही (गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद) याच पद्धतीने घ्या. पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहा, कारण शाई अल्कोहोलने उडते. अक्षांश-रेखांश दशांशात, उंची, तारीख, मॉस कशावर होते, उतार कोणत्या दिशेचा आणि जवळ पक्ष्यांची वसाहत होती का, एवढे हवेच. पेंग्विन किंवा स्कुआ या समुद्रपक्ष्याच्या विष्ठेने सुपीक झालेल्या मॉसमधले प्राणी आणि उघड्या खडकावरच्या मॉसमधले प्राणी बऱ्याचदा वेगळे असतात.

हिमनदीवरच्या क्रायोकोनाइट खळग्यांतला (काळ्या धुळीने बर्फ वितळून झालेल्या खड्ड्यांतला) काळा गाळ वाळवू नका. एक भाग थंड आणि जिवंत ठेवा, दुसरा 96 टक्के इथेनॉलमध्ये घाला. फॉर्मॅलिन नकोच, त्यात टिकवलेल्या प्राण्याचा डीएनए जवळजवळ वाया जातो.

वाळलेले मॉस उणे 20 अंशांवर वर्षानुवर्षे टिकते. अंटार्क्टिकातल्या लांगहोव्डे भागातून नोव्हेंबर 1983 मध्ये आणलेले मॉस जपानी संशोधकांनी मे 2014 मध्ये बाहेर काढले, तेव्हा त्यातले अ‍ॅक्युटंकस तीस वर्षांहून जास्त काळानंतर हालचाल करू लागले आणि एकाने अंडीही घातली. म्हणून फ्रीझरमधली जुनी पाकिटे टाकून देऊ नका.

प्राणी बाहेर काढणे

गोठलेले पाकीट आधी 3 ते 4 अंशांवर दिवसभर ठेवा, मग मॉस थंड डिस्टिल्ड पाण्यात भिजत घाला. कोरड्या मॉसला 4 ते 24 तास लागतात. यापेक्षा जास्त वेळ उथळ, दाटीच्या भांड्यात ठेवल्यास प्राणवायू कमी पडून प्राणी ताठ होतात. भिजलेले मॉस चिमट्याने पाण्यातच हलवा, बोटांनी पिळा आणि पाणी दोन चाळण्यांतून घाला: वर 500 मायक्रॉनची, खाली 32 किंवा 40 मायक्रॉनची. वरची चाळणी काड्या-पाने अडवते, खालची प्राणी आणि अंडी. सैल जाळीची चाळणी घेतली की छोटी अंडी निसटतात आणि ते कळतही नाही, इथेच बरेच काम बिघडते.

गाळ किंवा वाळू जास्त असेल तर साखरेचे द्रावण वापरा: एक लिटर द्रावणात 454 ग्रॅम साखर. सेंट्रिफ्यूज केल्यावर वाळू तळाशी बसते आणि प्राणी वर तरंगतात. वरचा भाग लगेच चाळणीवर ओतून भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर साखर प्राण्यांतले पाणी ओढून घेते आणि ते सुरकुततात.

आता पेट्री डिशमध्ये, काळ्या पार्श्वभूमीवर, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली 20 ते 40 पटीवर शोधा. बारीक ओढलेल्या काचेच्या पिपेटने एकेक प्राणी उचला. ध्रुवीय नमुन्यात कधी दोनच प्राणी मिळतात, म्हणून प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र पिपेट ठेवा आणि चाळण्या गरम पाण्याने धुऊन भिंगाखाली तपासा. सरावासाठी पावसाळ्यात आपल्याकडच्या भिंतींवर उगवणारे मॉस उत्तम आहे, पण सरावाची चाळणी आणि ध्रुवीय कामाची चाळणी कधीही एक करू नका. घराजवळच्या भिंतीवरचा एक प्राणी अंटार्क्टिकाच्या डिशमध्ये गेला तर छापील नोंद कायमची बिघडते.

जिवंत असतानाच टिपायच्या गोष्टी

स्लाइडच्या माध्यमात रंग जातो आणि बहुधा डोळ्यांचे काळे ठिपकेही विरघळतात. म्हणून प्राणी जिवंत असतानाच फोटो काढा आणि वहीत लिहा: डोळे आहेत की नाहीत, रंग कोणता, पाठीवर कडक पट्ट (चिलखतासारखे तुकडे) दिसतात का, आतड्यात काय आहे. लाल-केशरी, पाठीवर पट्ट असलेला आणि हळू चालणारा असेल तर बहुधा एकिनिस्कस कुळातला. पांढरा किंवा पारदर्शक आणि चपळ असेल तर यूटार्डिग्रेड (पट्ट नसलेला गट). फार मोठा, पोटात रोटिफरचे (दुसऱ्या एका सूक्ष्म जलप्राण्याचे) जबडे दिसणारा प्राणी म्हणजे मांसभक्षी मिल्नेशियम असण्याचा दाट संभव.

स्लाइड

प्राणी स्लाइडवर कायमचा बसवायला हॉयर माध्यम अजूनही सर्वात सोयीचे. 50 मिलि डिस्टिल्ड पाण्यात 30 ग्रॅम गम अरेबिक रात्रभर विरघळू द्या, मग 200 ग्रॅम क्लोरल हायड्रेट, शेवटी 20 मिलि ग्लिसरिन. मिश्रण काचेच्या लोकरीतून गाळा. डिंक प्रयोगशाळेच्या दर्जाचा हवा. लाडवांसाठी आणलेल्या डिंकात सालीचे कण असतात आणि ते नेमके नखांपाशी येऊन बसतात. क्लोरल हायड्रेट विषारी आहे, झोप आणते. हातमोजे घाला आणि फ्यूम हूडखालीच काम करा.

प्राणी पाण्यात 60 अंशांपर्यंत तापवला की तो पाय पसरून सरळ मरतो. त्याला स्लाइडवर एका लहान थेंबात ठेवा आणि पाय बाजूला येतील असा पोटावर वळवा. 12 मिमीची गोल कव्हरस्लिप हळूच टेकवा. थेंब मोठा झाला तर प्राणी खोल राहतो, 100 पटीच्या तेल-भिंगाचे अंतर तिथवर पोहोचत नाही आणि नखे धूसरच राहतात. थेंब फार लहान असेल तर प्राणी फुटतो. स्लाइड 60 अंशांवर आठवडाभर सुकवून मग कडेने नेलपॉलिश लावा. सुकण्याआधी कड बंद केली तर माध्यम पुढे आत ओढले जाते आणि बुडबुडे शिरतात.

आणखी एक: प्राण्याच्या तोंडातल्या टोचण्याच्या सुया चुनखडीच्या असतात, त्या हॉयरमध्ये हळूहळू विरघळतात. जुन्या स्लाइडवर सुया दिसत नसतील तर ते जातीचे लक्षण समजू नका.

पहिला प्रश्न: नखे

फेज कॉन्ट्रास्ट किंवा डीआयसी (पारदर्शक भाग ठळक दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपच्या सोयी) लावा, 100 पट तेल-भिंग. आधी दुसऱ्या-तिसऱ्या जोडीचे पाय पाहा. चौथी जोडी मागे वळलेली असते आणि तिथे आत-बाहेर ठरवताना गोंधळ होतो.

प्रत्येक पायावर चार सुटी, एकेरी नखे आणि पाठीवर पट्ट असतील तर तो हेटेरोटार्डिग्रेड (एकिनिस्कस याच गटातला). पिल्लाला मात्र पायावर दोनच नखे असतात. ते पाहून 'वेगळी प्रजाती' लिहिल्याची उदाहरणे आहेत, म्हणून जननछिद्र दिसते का ते तपासा. जननछिद्र नसलेल्या, दोन नखांच्या प्राण्याला जातीचे नाव देऊ नका.

पट्ट नसतील तर पायावर दोन जोडनखे असतात, बाहेरचे आणि आतले, आणि प्रत्येकाला एक मुख्य आणि एक दुय्यम शाखा. इथे घाई करू नका. बारीक फोकस फिरवत एका पायावर दहा मिनिटे घालवा आणि शाखांचा क्रम चितारा. दोन्ही जोडनखे सारखी, इंग्रजी वाय अक्षरासारखी आणि एकमेकांची आरशातली प्रतिमा असतील (दुय्यम-मुख्य-मुख्य-दुय्यम), तर मॅक्रोबायोटसचा मोठा गट. बाहेरचे नख मोठे आणि आतले लहान, क्रम दुय्यम-मुख्य-दुय्यम-मुख्य असेल तर हिप्सिबियसचा गट. अ‍ॅक्युटंकस याच प्रकारचे. दुय्यम शाखा तळाशी काटकोन करत असेल तर आयसोहिप्सिबियस. बाहेरची मुख्य शाखा केसासारखी लांब आणि लवचीक असेल तर रामाझोट्टियस. आणि मुख्य शाखा दुय्यमपासून पूर्ण सुटी, बाणाच्या काडीसारखी सरळ असेल तर मिल्नेशियम.

मिल्नेशियममध्ये दुय्यम शाखांच्या टोकांची संख्या महत्त्वाची, पण अंड्यातून बाहेर आल्यापासून प्रौढ होईपर्यंत ती काही जातींत बदलते. एकाच वयाचे प्राणी मोजले नाहीत तर एका जातीच्या दोन जाती होतात.

दुसरा: तोंड आणि घसा

मुखनलिका कडक आणि सरळ आहे, की मागचा भाग स्प्रिंगसारखा गुंडाळलेला? स्प्रिंग असेल तर डायफॅस्कॉन, पिलाटोबियस किंवा अ‍ॅड्रोपिऑनकडे वळा. दोन भागांच्या सांध्यावर थेंबासारखा जाड ठिपका आहे का पाहा. अ‍ॅड्रोपिऑनमध्ये तो नसतो. मॅक्रोबायोटस गटात नलिकेखाली आधाराची पट्टी असते, हिप्सिबियस गटात नसते.

मग घशातल्या कडक दांड्या, म्हणजे प्लॅकॉइड. मोठे प्लॅकॉइड दोन की तीन, त्यांच्या मागे छोटा मायक्रोप्लॅकॉइड आहे का, आणि किती जवळ? मेसोबायोटसमध्ये तो शेवटच्या मोठ्या प्लॅकॉइडला अगदी चिकटून, स्वतःच्या लांबीपेक्षा कमी अंतरावर असतो. मॅक्रोबायोटसमध्ये जरा दूर, आणि तिथे कातडीवर गोल छिद्रे दिसतात. अ‍ॅक्युटंकसमध्ये दोन मोठे प्लॅकॉइड असतात, मायक्रोप्लॅकॉइड नसतो. मिल्नेशियमला प्लॅकॉइडच नसतात.

तोंडातले काहीच दिसत नसेल तर निराश होऊ नका. कात टाकताना टार्डिग्रेड तोंडाचा सगळा कडक भाग बाहेर फेकतो. अशा प्राण्याची ओळख पटत नाही, दुसरा शोधा.

पट्टेवाले

इथे, म्हणजे पाठीवर पट्ट असलेल्या हेटेरोटार्डिग्रेडमध्ये, पट्टांची मांडणी आणि कडेचे केस मोजायचे. डोक्याजवळचा केस 'ए', मग मागे 'बी', 'सी', 'डी', 'ई'. केस सहज तुटतात, म्हणून दोन्ही बाजू पाहा. तुटल्या जागी खोबणीसारखा बुंधा राहतो. शेवटच्या पट्टापूर्वी एक जादा पट्ट असेल तर स्यूडेकिनिस्कस. अंटार्क्टिकात एकिनिस्कस जेनिंग्सी (आता बार्बारिया जेनिंग्सी) आणि व्हिक्टोरिया लँडमधून 2014 मध्ये वर्णिलेला मॉप्सेकिनिस्कस फ्रान्सिस्की, तर स्वालबार्डमध्ये टेस्टेकिनिस्कस स्पिट्सबर्गेन्सिस, ज्याच्या पोटाकडेही पट्ट असतात, ही नावे आधी पडताळून पाहण्याजोगी.

अंडी नसतील तर काम अर्धेच

मॅक्रोबायोटस आणि मेसोबायोटसमध्ये प्रौढ प्राणी इतके सारखे असतात की जात बऱ्याचदा अंड्यावरच ठरते. त्यांची अंडी सुटी घातलेली, काट्यांनी मढलेली असतात. मेसोबायोटस फुर्सिजर हे नावच काटेरी फाट्यांवरून आले आहे: अंड्यावरच्या उंचवट्यांची टोके फाट्यासारखी दुभंगलेली. मेसोबायोटस हार्म्सवर्थी गटात ती शंकूसारखी. मॅक्रोबायोटस हुफेलांडी गटात उलट्या पेल्यासारखी, वर दातेरी चकती. मिल्नेशियम, एकिनिस्कस आणि बहुतेक हिप्सिबियसची अंडी मात्र टाकलेल्या कातेत मिळतात, त्यामुळे तिथे आई आणि अंडे एकत्रच हाती लागते.

सुटे अंडे नमुन्यात मिळाले म्हणजे ते शेजारच्या प्राण्याचेच, असे नाही. पक्के करायचे तर आत पिल्लू तयार झालेले अंडे शोधा आणि दाबून माध्यमात ठेवा. पिल्लाची नखे आणि प्लॅकॉइड आतून दिसतात. ते शक्य नसेल तर दोन्हींचा डीएनए जुळवा. अंड्याचा व्यास काट्यांसह आणि काट्यांशिवाय मोजा, परिघावरचे काटे मोजा आणि शक्य असेल तर दोन-तीन अंडी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी इथेनॉलच्या चढत्या पायऱ्यांतून नेऊन क्रिटिकल पॉइंट ड्राइंगने (अंडे न चेपता सुकवण्याच्या पद्धतीने) सुकवा. हवेत सुकवलेले अंडे चेपते.

मोजमाप

मोठ्या प्राण्याचे सगळेच मोठे असते, म्हणून थेट मायक्रॉनवर तुलना करू नका. पिलाटो यांनी 1981 मध्ये मांडलेला पीटी निर्देशांक वापरा: अवयवाची लांबी भागिले मुखनलिकेची लांबी, गुणिले 100. नलिका 40.0 मायक्रॉन आणि सुयांचे आधार 31.2 वर जोडलेले, तर पीटी 78.0. प्लॅकॉइडची रांग 18.4, तर पीटी 46.0, रांगेत मायक्रोप्लॅकॉइड धरला की नाही ते लिहा, वर्णनांमध्ये दोन्ही पद्धती वेगवेगळ्या दिल्या जातात. पट्टेवाल्यांत भाजक म्हणून खांद्याच्या पट्टाची लांबी घेतात.

शक्य असेल तर 30 प्राणी आणि 30 अंडी मोजा, लहान-मोठे मिसळून. तिरकी, वाकलेली नखे मोजू नका. रकाना रिकामा ठेवा. अंदाजे भरलेला आकडा पुढच्या माणसाला फसवतो.

डीएनए

एका प्राण्यातून सीओआय, 18एस, 28एस आणि आयटीएस-2 हे डीएनएचे चार तुकडे मिळवता येतात. 5 टक्के केलेक्स रेझिन आणि प्रोटिनेज के वापरून काढणी करा. हे द्रव्य कातडी विरघळवत नाही. काढणीनंतर ट्यूबमधली रिकामी कात पिपेटने शोधून स्लाइडवर ठेवा. म्हणजे डीएनएचा क्रम आणि नखे एकाच प्राण्याची असल्याचा पुरावा हाती राहतो. सीओआयमध्ये सुमारे 3 टक्क्यांहून अधिक फरक आला तर वेगळी जात असण्याची शंका घ्या, पण निकाल देऊ नका. 18एस जवळच्या जातींत बऱ्याचदा सारखाच असतो. बुरशी किंवा रोटिफरचा डीएनए वाढून येणे ही नेहमीची अडचण, त्यामुळे प्रत्येक क्रम आधी सार्वजनिक डेटाबेसशी ताडून पाहा.

नाव देताना

'मिल्नेशियम टार्डिग्रेडम अंटार्क्टिकात सापडले' अशा जुन्या नोंदी खूप आहेत. पण त्या जातीचे फेरवर्णन 2012 मध्ये जर्मनीतल्या नमुन्यावरून झाले आणि अंटार्क्टिकाहून मिल्नेशियम अंटार्क्टिकम 2006 मध्येच वेगळी काढली गेली आहे. मॅक्रोबायोटस हुफेलांडीचेही तसेच, त्याचे मूळ ठिकाण जर्मनीत. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे 'हिप्सिबियस दुजार्दिनी' म्हणून वाढवलेला प्राणीसुद्धा 2018 मध्ये वेगळी जात, हिप्सिबियस एक्झेम्प्लारिस, ठरला. म्हणून नाव लिहिण्यापूर्वी त्या जातीचे मूळ ठिकाण आणि ताजे फेरवर्णन हातात घ्या, आणि डेग्मा आणि ग्विदेत्ती यांच्या सतत अद्ययावत होणाऱ्या यादीत ते नाव आजही वैध आहे का ते पाहा. आर्क्टिकमधला प्राणी असेल तर मूळ नमुने स्वालबार्डमधल्या स्पिट्सबर्गेन बेटावरूनच आलेले आहेत का ते पाहा: रिक्टर्सियस कोरोनिफरचे मूळ ठिकाण तिथलेच, म्हणून स्वालबार्डमधल्या त्याच्या नोंदीला वजन आहे.

नखे, तोंड आणि अंडी यांपैकी एक जरी दिसले नसेल, तर 'मेसोबायोटस, फुर्सिजर गट' एवढेच लिहा. दोन लक्षणे जुळून तिसऱ्यात फरक असेल तर 'सी.एफ.' (म्हणजे 'याच्याशी ताडून पाहा') लावा आणि फरक काय तो शब्दांत मांडा. नवी जात वाटली तर एकाच प्राण्यावर थांबू नका. वर्णनासाठी होलोटाइप (नाव ज्यावर आधारले तो एक नमुना), पॅराटाइप (सोबतचे इतर नमुने) स्लाइड, अंडी आणि डीएनएचे क्रम एकत्र ठेवा आणि नाव झूबँक या प्राणिनावांच्या अधिकृत नोंदणीत नोंदवा.

स्लाइडच्या लेबलवर पाकिटाचा क्रमांक, ठिकाण, तारीख, माध्यम आणि प्राणी कोणत्या स्थितीत आहे (प्रौढ, पिल्लू, कात टाकताना, रिकामे कातडे) हे लिहा. स्लाइड आडव्या ठेवा, उभ्या नाहीत; हॉयर वर्षानुवर्षे सरकते. दर दोन-तीन वर्षांनी कडा तपासा आणि नेलपॉलिशला भेग दिसली तर वरून आणखी एक थर द्या, कारण माध्यमात स्फटिक धरायला तिथूनच सुरुवात होते.